तेविसावा खांब

जरा डोळे मिटा बरं. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही एका छोट्या गाडीत पहिल्याच बाकावर बसला आहात. मांडीवर लोखंडी दांडा आलाय आणि घट्ट बसलाय. खालून साखळीचा आवाज येतोय, कट् कट् कट्, आणि गाडी चढावर हळूहळू निघालीय. समोर नुसतं आभाळ. मान वळवलीत तर मागं सगळा माळ, त्यापलीकडे उसाची शेतं, आणि महामार्गावर मुंग्यांसारखी चाललेली वाहनं. माथ्यावर गाडी क्षणभर थबकते. इतका वेळ बडबडणारी पोरंसुद्धा तिथं गप्प होतात. आणि मग...

थांबा. एवढ्यात किंचाळू नका. तिथंच थांबा, माथ्यावर, आणि वाकून खाली रुळाकडे बघा. हिरवे, मांडीएवढे जाड दोन लोखंडी नळ. त्यांना वरून, बाजूनं आणि खालून धरून पळणारी चाकं. चाकांवर रबरासारखं चिवट, नारिंगी आवरण. दिसलं? त्या माथ्यावरून माणसं आभाळ बघत आली. मी एकवीस वर्षं खाली बघत आलो. माझं कामच ते होतं.

गाडीचं नाव नागीण. कराड सोडून पुढं आलं की महामार्गापासून आत एका माळावर आबासाहेब शिर्क्यांची गंमतबाग होती. तिथं चौतीस खांबांवर वळसे घेत ही नागीण पसरलेली. मी तिचा फिटर, सदाशिव पोळ. माझे वडील मिरजेला रेल्वेच्या रुळावरून हातोडी घेऊन रोज कोसभर चालायचे. मीही रोज सकाळी पाना घेऊन नागिणीच्या अंगाखांद्यावरून चालायचो. नागीण उभी करणाऱ्या इंजिनियरनं रुळावर बारा खुणा ठोकून दिल्या होत्या. म्हणाला होता, "लोखंड झिजलं तर आधी इथं झिजेल. इथं मोजत जा." मी दर महिन्याला बाराही खुणांवर कॅलिपर लावून माप घ्यायचो आणि वहीत मांडायचो. अकरा वर्षांत एक महिना चुकला नव्हता.

मी सांगतोय ती गोष्ट अकराव्या वर्षीची. नवरात्रातली अष्टमी होती.

सकाळी झेंडूला पाणी घालून मी फाटकाकडे आलो. झेंडूचा वाफा माझा लाडका. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवशी नागिणीला विकतची फुलं का घालायची, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी बागेच्या पार टोकाला, वळणाखालच्या सावलीत झेंडू लावला होता. तेव्हापासून माझा दिवस तिथं पाण्याची नळी धरूनच उजाडायचा.

फाटकापाशी एक लाकडी जिराफ होता. त्याच्या मानेवर तांबडी रेघ. ज्याचं डोकं रेघेला लागेल त्यालाच नागिणीत बसायला मिळायचं. त्या जिराफाला पाठ टेकून भिंगरी उभी होती, रोजच्यासारखी.

भिंगरीचं खरं नाव वैजयंता. एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा आईनंच भिंगरी नाव पाडलेलं. आई शेवंता बागेत झाडलोट करायची, आणि मायलेकी मागच्या खोल्यांत राहायच्या. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. संध्याकाळी काम सुटलं की तिथल्या सात-आठ पोरांना मी कचेरीच्या पायरीवर बसवून गणितं घालायचो. त्यांत सगळ्यांत जास्त चुकायची ती भिंगरी, आणि सगळ्यांत जास्त विचारायची तीही भिंगरीच.

"मामा, बघा की. वाढले का न्हाई?"

मी बघितलं. डोक्यावर केसांचा हा एवढा आंबाडा बांधलेला.

"आंबाडा सोड आधी."

"का? केसबी माझंच हाईत न्हवं?"

"जिराफ केस मोजत नाही, बाय. डोकं मोजतो."

तिनं नाक मुरडत आंबाडा सोडला. रेघ दोन बोटं वर राहिली.

"कालबी दोन बोटं, आजबी दोन बोटं," ती जिराफाकडे बघत म्हणाली. "ह्यो जिराफच वाढतोय, मामा. मी जागच्या जागीच."

"टाचा टेकव खाली."

"टेकल्यात!"

"मग दीड बोट समज. चल, मला काम आहे."

"आवो, थांबा. ह्ये तर बघा." तिनं पायाशी ठेवलेला डबा उचलला. वनस्पती तुपाचा जुना डबा, पत्र्याचा. झाकण काढलं तर आत काठोकाठ नारिंगी भुकटी. "यंदा दारात मोर न्हाई काढायचा. अख्खी नागीण काढणार, नागिणीच्याच रंगानं."

हा रंग मला ठाऊक होता. चाकांचं आवरण रुळावर घासून थोडं थोडं झिजतं, त्याचा भुगा खाली पडतो. पोरीनं कधीतरी तो हेरला होता आणि रांगोळीत भरायला गोळा करायची. दुसऱ्या पोरींकडे बाजारातले रंग, हिच्याकडे हा.

"छान," मी म्हणालो. "कुठं मिळाला गं एवढा?"

"झेंडूत."

ते माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. कारण त्याच वेळी फाटकातून एक पांढरी गाडी आत आली.

त्या गाडीत पुण्याच्या देवधर मॅडम होत्या. रूळ, पूल, पाळणे तपासणाऱ्या इंजिनियर. आबासाहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आबासाहेब माणूस दिलदार, पण नागिणीवरून त्यांचं मन उडालं होतं. ती हल्ली धडधडते, लोक उतरून मानेला हात लावतात, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशीच त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं होतं, "सदाशिव, बाई म्हणाल्या नागीण धडधाकट आहे, तर दसऱ्याला फिरेल. त्या नाही म्हणाल्या, तर मी तिला कापून भंगारात घालतो आणि तिथं पाण्याची घसरगुंडी बांधतो. मग तू मधे पडायचं नाहीस."

"नाही पडणार, आबासाहेब," मी म्हणालो होतो. "माझी वही बोलेल."

देवधर मॅडम पन्नाशीच्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लटकलेली चार-पाच यंत्रं. मला वाटलं होतं, बाई खालूनच बघतील. त्या माझ्या आधी शिडी चढल्या.

एकेक खूण करत आम्ही दुपारी तीनपर्यंत बाराही खुणा पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी त्या आपलं यंत्र लावायच्या, आकडा वाचायच्या, आणि माझ्या वहीत बघायच्या. आकड्याला आकडा जुळत होता.

"पोळ," अकराव्या खुणेवर त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी हे काम करतेय. इतकी नीट वही मी पाहिलेली नाही."

"वडिलांची शिस्त, मॅडम."

"वडील काय करत?"

"रुळावरून चालायचे."

त्या हसल्या. "मग घराणंच आहे म्हणा की."

खोटं कशाला सांगू, मी त्या वेळी जमिनीवर नव्हतो. रुळावर होतो तो होतोच, पण त्याच्याही वर दोन वीत तरंगत होतो.

खाली उतरून आम्ही कचेरीकडे निघालो. आबासाहेब आतून खुर्च्या मांडायला सांगत होते. दारात शिरायच्या आधी मॅडम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"एक विचारायचं राहिलं. या बारा जागा सोडून आणखी कुठे काही वेगळं जाणवलंय? आवाज, धक्का, काहीही. मी एका दिवसात सगळीकडे पोचत नाही. रोज चालणारे तुम्ही आहात."

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन फाईल उघडली. मी त्यांच्या मागोमाग पायरी चढायला पाय उचलला, आणि तो तसाच वर राहिला.

बोलण्याच्या नादात कडेनं आलो तेव्हा दिसलं नव्हतं, पण पायरीसमोरच्या सारवलेल्या अंगणात रांगोळी होती. पोरीला नवमीपर्यंत दम निघाला नव्हता. अख्खी नागीण होती ती. चढ, माथा, उतार, तिन्ही वळसे, टोकाचं मोठं वळण. पांढऱ्या रांगोळीच्या दोन रेघा आणि त्यांच्यामधे भरगच्च नारिंगी. बैलगाडी उभी राहील एवढी लांब. भिंगरी उकिडवी बसून शेपटाकडचा भाग भरत होती, आणि डब्यात अजून चांगला पाव हिस्सा रंग उरला होता.

आता तुम्ही इतका वेळ माझ्याबरोबर आला आहात, तर ऐका. अकरा वर्षं मी तो भुगा बघत होतो. वर्षाकाठी पडून पडून किती पडायचा? भिंगरीच्या आईच्या कुंकवाच्या करंड्यात मावेल एवढा. मागच्या वर्षीच्या मोराचा फक्त डोळा त्यानं भरला होता. आणि आज इथं डबाभर.

चाक उगाच झिजत नाही. रूळ त्याला ओरबाडतोय तेव्हाच झिजतं.

"भिंगरे," मी हळूच विचारलं, "हा सगळा रंग एकाच जागचा?"

"आवो सकाळीच सांगितलं की. झेंडूतला. तिथं लई पडतोय. फुलांवर बसलेला असतोय, कुणाला दिसत न्हाई. मी फुलं झटकून घेते."

आतून आबासाहेबांचा आवाज आला, "सदाशिव, ये की आत! मॅडम सही करतायत."

मी आत पाहिलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं होतं. बाहेर पाहिलं. सगळं अंगण नारिंगी होतं, आणि बाई परत जाताना ह्याच अंगणातून जाणार होत्या. त्यांच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं. मॅडम हो म्हणाल्या तर नागीण राहील, नाही म्हणाल्या तर उद्या भंगारवाला. माझ्या मनात जे आलं ते मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

मी भिंगरीला म्हणालो, "पूस ती रांगोळी."

तिनं मान वर केली. "का?"

"पूस म्हणतो ना."

ती उठली. रांगोळीभोवती एक फेरी मारून आली. परत एक मारून आली. मग कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"कुठं चुकली ते दावा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय न्हवं मामा? पाटीवरचं चुकलेलं पुसायचं. बरूबर आलेलं न्हाई पुसायचं. मी तिन्ही वळसं मोजून काढल्यात. खांब मोजून काढल्यात, चौतीस. कुठं चुकली?"

एक रेघ चुकली नव्हती.

"नाही चुकली, बाय," मी म्हणालो. "राहू दे. पाय लावू नकोस तिला."

आणि मी आत जाऊन म्हणालो, "मॅडम, थांबा. मी तुम्हाला मघाशी चुकीचं उत्तर दिलं."

आबासाहेबांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, बाहेर आल्या, रांगोळीपाशी बसल्या आणि दोन बोटांत चिमूटभर रंग चोळून पाहिला. मग भिंगरीकडे बघून म्हणाल्या, "बाई, मला जागा दाखवता का?"

भिंगरीला कुणी अहोजाहो केलं नव्हतं जन्मात. तिनं एकदा मागं वळून पाहिलं, ह्या कुणाशी बोलतायत म्हणून. मग जी पळत सुटली, आम्ही धापा टाकत तिच्यामागं.

टोकाचं वळण. तेविसावा खांब. त्याच्या पायाशी माझा झेंडू, डौलात फुललेला. नारिंगी फुलांवर नारिंगी भुगा. सहा वर्षं रोज तिथं उभा राहणाऱ्या मला तो दिसला नव्हता.

मॅडमनी माझ्या खांद्यावरचा पांढरा पंचा मागून घेतला आणि फुलांवर अंथरला. "रिकामी गाडी सोडा. तीन फेऱ्या."

गाडी आली आणि गेली. परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मीही ऐकलं, इतक्या वर्षांत प्रथमच खाली उभं राहून. वळणावर येताच चाकं करवतीसारखी कुरकुरत होती. पंचा उचलला तर त्याच्यावर हळदीकुंकवासारखा सडा पडला होता.

मॅडम शिडी लावून वर चढल्या. खांब आणि रूळ जिथं जोडले होते तिथला हिरवा रंग त्यांनी सुरीनं खरवडला. रंगाचे पापुद्रे निघाले, एकाखाली एक.

"किती हात दिलेत हे?"

"दर नवरात्रात एक, मॅडम. यंत्राला जुन्या अंगानं कसं पुजायचं?"

त्या खरवडत राहिल्या. शेवटचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली केसासारखी बारीक चीर दिसली. वीतभर लांब.

मग त्यांनी वरून ओळंबा सोडला. दोरीला बांधलेलं ते वजन खांबापासून लांब लांब गेलं. खांब कलला होता, आणि दोन बोटं खचलाही होता. रूळ पिळवटला होता तो त्यामुळंच.

"हा एकटाच का खचला?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "बाकीचे तेहतीस तर सरळ उभे आहेत."

"हितली माती मऊ हाय," भिंगरी म्हणाली. वाफ्यात उभी राहून ती पायाचा अंगठा मातीत रुतवून दाखवत होती. "उन्हाळ्यातबी. बाकी माळ दगडावाणी, पर हितं पाय जातोय बघा आत."

वाफ्याच्या कडेला पाण्याची नळी वेटोळं करून पडली होती. मीच सकाळी टाकलेली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी घालतो पाणी," मी म्हणालो. "रोज. सहा वर्षं झाली. पूजेच्या फुलांसाठी."

आबासाहेबांनी कपाळावर हात मारला.

"वा रे वा, सदाशिव! तू नागिणीला हार घालायला झेंडू लावलास आणि त्या झेंडूनं नागिणीचाच पाय मोडला! मी बसलोय तिला भंगारात घालायला, आणि हा बसलाय तिला बुडवायला!" ते रागानं लाल झाले होते, पण बोलता बोलता त्यांना स्वतःलाच हसू येत होतं आणि ते दाबताना राग आणखी वाढत होता. "संपलं. उद्याच भंगारवाल्याला सांगावा धाडतो."

"कशाला?" मॅडम शिडीवरून उतरत म्हणाल्या.

"आता काय कशाला? चीर दाखवलीत ना तुम्ही?"

"आबासाहेब, दाढ किडली म्हणून तुम्ही डोकं कापून घेता का?"

आबासाहेब गालावर हात ठेवून उभे राहिले. त्यांची एक दाढ खरंच किडलेली होती.

"बारा जागा मी आज स्वतः तपासल्या," मॅडम म्हणाल्या. "तिथलं लोखंड उत्तम आहे. बाकीचा सगळा रूळही मी तसाच तपासणार आहे, रंग खरवडून. पण धडधड येते ती इथून, हे नक्की. हे कळलं नसतं तर मी आज सही केली असती, आणि दसऱ्याला भरलेल्या गाड्या या चिरेवरून गेल्या असत्या. पुढचं मी या मुलीसमोर बोलत नाही. आता कळलंय, तर पाया उकरा, खांब सरळ करा, या वळणाचे दोन नळ नवे घाला. एवढं जमवलंत तर ही अजून पंधरा वर्षं पळेल."

"पंधरा?" आबासाहेबांनी विचारलं.

"आणि झेंडू दुसरीकडे लावलात तर वीस."

आबासाहेब भिंगरीसमोर वाकले. "काय गं, तुला हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"हे, भुग्यावरून ओळखायचं."

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "मला रंग हवा हुता."

त्यावर मॅडम अशा खदखदून हसल्या, की डोक्यावरचं हेल्मेट डोळ्यांवर आलं. मग आबासाहेबही हसले. मी हसलो नाही. मी वाफ्यात बसलो होतो आणि झेंडू उपटत होतो, मुळासकट.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बागेत ही गर्दी, आणि नागीण बंद. लोक कुरकुरले, दोन-चार जण भांडले. आम्ही मात्र पूजा चुकवली नाही. उपटलेल्या झेंडूचे हार केले. पाटावर माझे पाने, हातोडी, कॅलिपर, ती वही, सगळं मांडलं. आणि कॅलिपरच्या शेजारी तुपाचा तो पत्र्याचा डबा ठेवला. हळदीकुंकू लावताना शेवंता पुढं आली.

"आवो भावजी, ते खरकट्या डब्याला कुठं कुंकू लावताय? पोरीचं खेळणं हाय ते."

"हत्यार आहे, शेवंताबाई," मी म्हणालो. "ह्या पाटावर सगळ्यांत बारीक माप घेणारं हेच आहे."

शेवंतानं पदर तोंडाला लावला आणि पोरीकडे बघितलं. पोरगी त्या वेळी जिराफापाशी होती.

मॅडम चार दिवस राहिल्या. इंच इंच रूळ खरवडून पाहिला. दुसरी चीर निघाली नाही. मग थंडीचे दिवस कामात कसे गेले ते कळलं नाही. तेविसाव्या खांबाचा पाया उकरला तेव्हा आतली काळी माती शिऱ्यासारखी निघाली. ती काढून मुरूम आणि काँक्रीट भरलं. कोल्हापूरच्या एका कारखान्यातून वळणाचे नवे नळ वाकवून आले. ते चढवताना मी वरून ओरडायचो आणि पोरं खालून ओळंब्याकडे बघून सांगायची, "मामा, जरा डावीकडं! आणि जरा! बास!" शाळेत कोनमापक समजत नव्हता त्या पोरांना, पण त्या थंडीत सगळ्यांना काटकोन कळला. मी तेविसाव्या खांबावर तेरावी खूण ठोकली, आणि वळणाच्या जोडांवर पुन्हा कधी रंगाचा हात दिला नाही. नवा झेंडू लावला तो फाटकापाशी, जिराफाच्या पायाशी.

आणि पाडवा उजाडला.

गाडी सुटते त्या फलाटावर आम्ही गुढी उभारली. देवधर मॅडम पुण्याहून आल्या. आदल्या दोन दिवसांत वाळूची पोती भरून त्यांनी शंभर फेऱ्या करवून घेतल्या होत्या, तेव्हा कुठं त्यांची सही झाली. फाटकाबाहेर रांग लागलेली. आबासाहेबांनी नवा फेटा बांधला होता.

"पहिला मान कुणाचा?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओरडले, "अरे, ती भिंगरी कुठं आहे?"

भिंगरी जिराफापाशी होती. शेवंतानं तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं. आज आंबाडा नव्हता, केस चप्प तेल लावून बसवलेले. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. टाचा जमिनीला, पाठ लाकडाला. सगळी रांग माना उंचावून बघत होती. मी जवळ जाऊन तिच्या डोक्यावर आडवी पट्टी ठेवली.

पट्टी रेघेवर बसली. तंतोतंत.

"मामा, खरं सांगा," ती डोळे घट्ट मिटून म्हणाली. "उगं माझं मन राखू नका."

"मी माप खोटं सांगत नाही," मी म्हणालो. "आता नाही."

रांगेतून टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला, की गुढीवरचे कावळे उडाले. आबासाहेबांनी स्वतः तिचा हात धरून तिला फलाटावर आणलं. पहिल्या डब्याचा पहिला बाक. दांडा वर केलेला. मॅडम बाजूला उभ्या. "बस, पोरी," आबासाहेब म्हणाले.

भिंगरीनं गाडीकडे बघितलं. वर्षभर जिराफाला पाठ घासून तिनं ह्याच बाकाची वाट बघितली होती. तिचा एक पाय आत गेला. मग तिनं तो बाहेर काढला.

"थांबा जरा," ती म्हणाली.

आणि ती पळाली. आधी खोलीकडे, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला आणि टोकाच्या वळणाकडे सुटली. तिथून तिचा बारीक आवाज आला, "सोडा! रिकामी! धा फेऱ्या!"

आबासाहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी हाताची घडी घातली आणि मान हलवली, सोडा म्हणून. फेटा बांधलेला मालक, पुण्याची इंजिनियर, फाटकाबाहेरची चारशे माणसं, सगळी त्या दहा फेऱ्या उभी राहिली. कुणी कुरकुरलं नाही.

दहावी फेरी झाली. भिंगरी परत आली, चालत, सावकाश. एका हातात चारी टोकं धरलेला पंचा, दुसऱ्या हातात तो डबा. फलाटावर येऊन तिनं पंचा डब्यात झटकला, चांगला तीनदा. मग डबा आबासाहेबांच्या नव्या जोड्यांवर उलटा केला आणि तळावर थाप मारली.

एक कण पडला नाही.

तिनं डबा माझ्या हातात दिला, पहिल्या बाकावर जाऊन बसली, आणि दांडा आपल्या हातानं खाली ओढून घेतला.